चुन्याच्या खुणा

तिने पुढच्या चाकाच्या व्हॉल्व्हमध्ये काडी खुपसली आणि हवा फुस्स करून बोटांवर आली. डॉक्टर शेजारी उकिडवे बसले होते. त्यांच्या हातात हवा मोजायचं यंत्र होतं आणि चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला होता.

"अजून सोडा," ते म्हणाले. "रस्त्यावरची हवा इथे चालत नाही. टायर जरा मऊ हवा, माती धरणारा. टणक टायर दगडावरून उडतो, आणि मग आपणही उडतो."

तिने अजून सोडली. ते "बास" म्हणाले तेव्हा थांबली. मग त्यांच्या चष्म्याकडे बघून तिने हात पुढे केला. त्यांनी काही न विचारता चष्मा काढून दिला. तिने खिशातला बारीक पेचकस काढून दांडीचा स्क्रू पिळला, काचा शर्टाच्या टोकाला पुसल्या आणि चष्मा परत दिला.

"चला, एक काम झालं," डॉक्टर म्हणाले. "आता गाडीचं बघू."

डॉक्टर दातांचे होते. आठवडाभर लोकांचे जबडे उघडून बघायचे आणि सुटीच्या दिवशी या बोडक्या टेकडीवर नवशिक्यांना मोटारसायकलच्या मातीतल्या शर्यतीचे धडे द्यायचे. त्यांचा स्वतःचा पुढचा एक दात याच टेकडीवर कुठेतरी पडला होता, आणि ते दर वेळी तोच शोधायला येतात असं क्लबातली मंडळी म्हणायची. ते ऐकून डॉक्टर स्वतःच सगळ्यांत मोठ्याने हसायचे.

ती चष्म्याच्या दुकानात काचा घासायची. क्लबात तिला कोणी नावाने हाक मारत नसे, सगळे चष्मेवाल्या ताई म्हणत. चाळिशी उलटलेली बाई मातीतल्या गाडीवर बसते म्हटल्यावर सुरुवातीला दोनचार जणांनी भुवया उंचावल्या, मग तिच्याकडून गॉगलच्या काचा बसवून घ्यायला लागले. गाडी तिची नव्हती, धाकट्या भावाची होती. त्याने हौसेने ती घेतली, क्लबात नाव घातलं, शर्यतीचा अर्जही भरला, आणि एका तापाचं निमित्त होऊन दवाखान्यातून परत आलाच नाही. क्लबाच्या लोकांनी अर्ज रद्द करायचा का असं विचारायला फोन केला, तेव्हा ती म्हणाली, माझं नाव लावा.

का म्हणाली ते तिचं तिलाही नीट सांगता आलं नसतं. तो गेल्यापासून तिला काही वाटेनासंच झालं होतं. घर माणसांनी भरलं होतं तेव्हा ती सगळ्यांना चहा विचारत होती, कोणाला बिनसाखरेचा हेही लक्षात ठेवत होती. रडू येत नाही याची आधी तिला लाज वाटायची. पुढे पुढे तीही वाटेनाशी झाली. सकाळी उठायचं, दुकानात जायचं, काचा घासायच्या, सुटीला टेकडीवर यायचं. कोणी सांगितलं तसं करत राहिलं की दिवस जातो, एवढं तिला कळलं होतं. डॉक्टर तर काय काय करायचं ते एकामागून एक सांगत सुटत, त्यामुळे तिला त्यांच्याकडे बरं पडायचं.

भावजय सोबत आली होती. घरात आता दोघीच. ती पाण्याची बाटली छातीशी धरून प्रेक्षकांच्या दोरीपलीकडे उभी होती. शर्यतीला जाऊ नका असं ती एकदाही म्हणाली नव्हती. आज सकाळी तिने फक्त, "मी पण येते, ताई," म्हटलं आणि चप्पल घातली.

शर्यतीआधी अख्खा रस्ता पायी चालायचा हा डॉक्टरांचा नेम होता. नवशिक्यांना ते एकेक छोटी कापडी पिशवी द्यायचे, आत पांढरा चुना.

"जिथे पोटात गोळा येईल तिथे चिमूटभर टाका," त्यांनी सांगितलं. "विचार करू नका, लाजू नका, शेजारच्याचं बघून टाकू नका. गाडीवर बसल्यावर तेवढ्याच जागा लक्षात ठेवायच्या. तिथे यायच्या आधीच हात ब्रेकवर. बाकीचा रस्ता गाडी आपोआप कापते."

सगळे निघाले. डॉक्टर मागून चालत सांगत होते. नजर लांब ठेवा, दगडाकडे बघितलंत की गाडी दगडावरच जाते. हँडल आवळू नका, नाहीतर पहिल्या फेरीतच हात बधिर होतील. पडलात तर आधी रस्त्यातून बाजूला व्हा, गाडीचं प्रेम नंतर. पहिली शर्यत जिंकायची नसते, संपवायची असते.

नवशिक्यांमध्ये एक लग्न ठरलेला तरुण होता. सगळे त्याला नवरदेव म्हणायचे. तो प्रत्येक वळणावर, प्रत्येक खड्ड्यापाशी चुना सोडत चालला होता.

"अहो नवरदेव, टेकडी रंगवायला काढलीय का?" डॉक्टर मागून ओरडले.

"सर, घरी सांगितलंय की फक्त बघायला जातोय," तो म्हणाला. "मला तर गेटपासूनच गोळा आलाय."

सगळे हसले. तीही हसली, कारण सगळे हसले होते.

शेवटी तो उतार आला. टेकडीचा कडा तिथे एकदम खाली कोसळत होता. सुटी माती, मध्ये पाण्याने पडलेली घळ, खाली वळण आणि वळणाला लागून प्रेक्षकांची दोरी. नवरदेव काठावर जाऊन दोन पावलं मागे आला आणि त्याने पिशवीत उरलेला चुना तिथेच ओतला. बाकीच्यांनीही टाकला. काठावर पांढरा सडा पडला. ती पुढे होऊन खाली बघत उभी राहिली. खाली माती होती. तिने पिशवीत बोटं घातली, थोडा वेळ तशीच ठेवली आणि काढून घेतली. इथून खाली पडलं तर मान मोडेल हे तिला कळत होतं, पण पलीकडच्या गावात आज बाजार आहे हे कळावं तसं.

परत आल्यावर डॉक्टर पिशव्या गोळा करायला लागले. तिची भरलेली होती. ती पाण्याच्या टँकरमागे गेली, पिशवी उलटी केली, झटकली आणि येऊन रांगेत उभी राहिली.

डॉक्टरांनी रिकामी पिशवी हातात घेतली. मग खाली बघितलं. तिचे बूट घोट्यापर्यंत पांढरे झाले होते.

"टँकरची भीती वाटली का?" त्यांनी विचारलं.

तिने एक बूट दुसऱ्यावर घासला.

डॉक्टर तिला बाजूला घेऊन गेले. त्यांचा आवाज दवाखान्यातला झाला होता. "ताई, माझ्याकडे माणूस बोंबलत आला ना, तर मी निवांत असतो. दात दुखतोय म्हणजे जिवंत आहे. गार पाणी लावून ज्या दाताला काहीच होत नाही, त्याची मला काळजी लागते. तो आतून गेलेला असतो."

"मी गाडी नीट चालवते," ती म्हणाली.

"उत्तम चालवता. म्हणून तर सांगतोय. ज्याला येत नाही तो हळू जातो. तुम्हाला येतं, आणि थांबवणारं आत कोणी नाही."

भावजय दोरीखालून वाकून जवळ आली होती. "डॉक्टर, त्यांना खरंच काही वाटत नाही हो," ती हळूच म्हणाली. "दुकानात फ्रेम मऊ करायला गरम मण्यांचं भांडं असतं. त्यात यांची बोटं तशीच राहिली. गिऱ्हाईक ओरडलं तेव्हा यांनी हात काढला."

डॉक्टरांनी तिचा हात उलटा करून बघितला. बोटांच्या टोकांची कातडी गुळगुळीत, गुलाबी होती.

"मी नाव काढू शकतो," ते म्हणाले. "माझ्या हातात आहे."

"काढू नका."

"का?"

तिने बराच विचार केला. "दुसरं काही करावंसं वाटत नाही," ती म्हणाली. "हे करावंसं वाटतं असंही नाही. पण हे काढलंत तर मग काहीच राहत नाही."

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुन्हा घातला. भावजयीकडे बघितलं. भावजय बाटलीचं झाकण उघडझाक करत होती.

"शेवटच्या ओळीत उभ्या राहा," ते अखेर म्हणाले. "आणि त्या उतारावर ब्रेक. गोळा येवो न येवो. मी सांगतोय म्हणून."

ती शेवटच्या ओळीत उभी राहिली. झेंडा पडला, पुढच्या सगळ्या गाड्या एकदम ओरडल्या आणि धुळीची भिंत अंगावर आली. बाकीचे धुळीत दबकले. ती दबकली नाही. नजर लांब, हात सैल, वजन मागे, सगळं सांगितलं तसं. पहिल्या चढावर तिने दोघांना मागे टाकलं, खड्ड्यांच्या पट्ट्यात अजून काहींना. जिथे जिथे पांढरं दिसे तिथे पुढची गाडी हळू होई आणि तिला वाट मिळे. दोरीपलीकडून कोणीतरी "शाब्बास, ताई!" म्हणून ओरडलं. ते दुसऱ्याच कोणाला तरी म्हटल्यासारखं तिच्या कानांवरून गेलं.

उताराच्या काठावर नवरदेव थबकला होता. ती त्याच्या शेजारून गेली. डॉक्टरांनी सांगितलेला ब्रेक तिला आठवला, पण तोवर चाक हवेत होतं. गाडी घळीच्या कडेला आपटली, मागचं चाक घसरलं, एक पाय जमिनीला घासत गेला आणि कशी कोण जाणे, ती खाली वळणावर सरळ उभी होती. लोक टाळ्या वाजवत होते. मागून नवरदेव काठावरून ओरडला, "अहो, मराल ना!"

वळण घेताना दोरीपाशी भावजय दिसली. दोरीला लागून सगळे चेहरे होते आणि त्यांत एक पाठ होती. निळ्या ओढणीची, खांदे वर चढलेली पाठ. सगळी माणसं शर्यतीकडे तोंड करून उभी होती आणि ती एकटी त्यांच्या उलट, रिकाम्या माळाकडे.

ती पुढे गेली. पुन्हा चढ, पुन्हा खड्डे. पण ती पाठ डोळ्यांसमोरून हलेना. तिने ती कुठेतरी बघितली होती. दुसऱ्या फेरीच्या चढावर तिला आठवलं. दवाखान्यात तिथले डॉक्टर आणि नर्स आत धावले तेव्हा भावजय अशीच भिंतीकडे तोंड करून उभी राहिली होती. कोणी तिच्या खांद्याला हात लावेपर्यंत ती वळली नव्हती. आणि तो हात लावणारी, ऐक गं, तो गेला म्हणून सांगणारी ती स्वतःच होती. आज आपलं तसंच झालं तर ते सांगायला घरातलं कोण येणार होतं? कोणी नव्हतं. भावजय तशीच माळाकडे तोंड करून उभी राहिली असती.

उताराचा काठ आला. खाली, फार खाली, ती निळी पाठ तशीच होती.

तिच्या पोटात काहीतरी एकदम खाली गेलं. तिला वाटलं गाडी पडली. गाडी पडली नव्हती, तिच्याच हातापायांनी दोन्ही ब्रेक गच्च दाबले होते आणि इंजिन बंद पडलं होतं. खालची माती, ती घळ, घळीतले दगड, सगळं एकदम आपल्या उंचीसकट तिच्यासमोर उभं राहिलं आणि ती मघाशी इथून खाली गेली होती यावर तिचा विश्वास बसेना. "आई गं," ती हेल्मेटच्या आत म्हणाली.

मागून नवरदेव आला आणि थांबला. "काय झालं? गाडी बिघडली?"

"नाही," ती म्हणाली. दात वाजत होते. "तुम्ही जा पुढे."

ती गाडीवरून उतरली. ब्रेक सोडत, धरत, टाच मातीत रोवत एकेक पाऊल गाडी खाली उतरवायला लागली. शेजारून एक गाडी गेली, मग अजून एक. दोरीपलीकडे आधी हसण्याचा आवाज आला, मग कोणीतरी हसणाऱ्याला गप्प केलं. मध्यावर तिचा पाय सरकला तेव्हा ती गाडी आडवी करून खाली बसली, श्वास घेतला, पुन्हा उठली. मघाशी ज्यांना ज्यांना मागे टाकलं होतं ते सगळे तिच्या पुढे निघून गेले.

डॉक्टर पळत आले होते, पण उताराच्या पायथ्याशी येऊन ते मदतीला वर न चढता उभे राहिले. तिच्या कापणाऱ्या हातांकडे ते बघत होते. शेजारच्या टायरच्या चळतीवर ते हळूच बसले आणि त्यांनी रुमालाने मान पुसली.

ती गाडी ढकलत दोरीपाशी आली. भावजय अजून वळली नव्हती. तिचे डोळे मिटलेले होते आणि ओठ हलत होते.

"अगं," ती म्हणाली. "बघ इकडे. चालत उतरले मी."

भावजय वळली. तिने आधी गाडी बघितली, मग हेल्मेट, मग हँडलवरचे लटलटणारे हात.

"ताई, काय होतंय तुम्हाला?"

"भीती वाटली गं," ती म्हणाली. "खूप वाटली. अजून जात नाहीये."

हे बोलताना तिचा आवाज मध्येच फाटला आणि मग तो तिला आवरेना. भावजयीने बाटली खाली टाकली, दोरीखालून आत आली आणि तिच्या हनुवटीखालचा पट्टा सोडवायला लागली. पट्टा काही केल्या सुटेना, कारण हात दोघींचेही कापत होते. एक गाडी धूळ उडवत वळणावरून गेली. डॉक्टर उठले आणि दोघींच्या पुढे जाऊन, बाकीच्या गाड्यांना हात दाखवत, रस्त्यात उभे राहिले.