आक्काचं मोठं पातेलं

तळमजल्यावर शिवणकाम करणाऱ्या बाईला सगळी इमारत आक्का म्हणायची. तिच्याकडे एक भलंमोठं पातेलं होतं आणि मागेल त्याला ती ते हसत द्यायची. स्वतः कुणाकडे काही मागायची वेळ आली, की मात्र तिची जीभ टाळ्याला चिकटायची.

रविवारी सकाळी भावाचा फोन आला. जहाजावर नोकरीला असलेला हा धाकटा भाऊ कितीतरी वर्षांनी घरी परतला होता.

"आक्का, दुपारी जेवायला येतोय. बायको, पोरं, सासू-सासरे, सगळी वरात!"

आक्काला आनंदाने काही सुचेना. तांदूळ होते, डाळ होती, पातेलं मात्र घरात नव्हतं; ते शेजारच्या वायरमनकडे गेलं होतं. ती धावत वायरमनच्या दारात गेली.

"अगंबाई, ते मास्तरांनी नेलं की! पडदे भिजवायला," वायरमनची बायको म्हणाली आणि हातातलं लाटणं तसंच घेऊन तिच्या मागे निघाली.

मास्तरांनी चष्मा कपाळावर सरकवला. "माझ्याकडून वरच्या बेकरीवाल्याने नेलं. एवढा घाईत होता, की कशाला हवंय ते विचारायचंच राहिलं."

तिघं जिना चढून वर गेली. बेकरीवाल्याने दार उघडलं, तर त्याच्या बाह्या कोपरापर्यंत भिजलेल्या. आत पातेल्यात कोमट पाणी आणि पाण्यात त्याची तान्ही लेक, पाय झाडत आढ्याकडे बघत होती.

"टबात ठेवली की घर डोक्यावर घेते," तिची आई खाटेवरून वाकून तिची मान सावरत म्हणाली. "यात बघा कशी राणीसारखी पहुडते!"

आक्का कशाला आली तेच विसरली. खाली बसकण मारून ती बाळाच्या पोटावर ओंजळीने पाणी सोडू लागली.

"आक्का, काही काम होतं का?" बेकरीवाल्याने विचारलं.

"छे, सहज आले."

"सहज?" वायरमनची बायको फिस्कारली. "भाऊ येतोय जेवायला, फौज घेऊन! आणि म्हणे सहज!"

बेकरीवाला ओशाळला आणि लेकीला उचलायला वाकला, तशी आक्काने त्याचा हात धरला. "खबरदार! खेळू दे तिला." मग ती हळूच म्हणाली, "भात तेवढा... तुमच्या सगळ्यांच्या शेगड्यांवर थोडाथोडा टाकाल का?"

"एवढंच ना?" मास्तर म्हणाले.

एकदा तोंड उघडल्यावर आक्का कुठली थांबतेय! मास्तरांच्या खुर्च्या मागितल्या, वायरमनकडून ताटं आणि लिंबं, बेकरीवाल्याकडून ताजे पाव. शेवटी तर तिने वायरमनच्या बायकोची नवी चादरसुद्धा मागून घेतली.

"आता मला पण अंथरून घ्या," ती बाई हसून म्हणाली.

दुपारी भाऊ आला तेव्हा आक्काच्या खोलीत माणसं मावेनात. पंगत जिन्यापर्यंत गेली. भात तीन घरांतून आला. एक जरा चिकट, एक फडफडीत, एक खाली लागलेला. भावाच्या सासऱ्यांनी लागलेलाच पुन्हा मागून घेतला. मास्तर भावाच्या पोरांना कागदाची जहाजं करून देत होते आणि त्यांचा बाप त्यातल्या चुका काढत होता.

जेवणं आटोपल्यावर भावाच्या बायकोने निघायची घाई केली, पण भाऊ सापडेना. तो वर बेकरीवाल्याकडे होता. तान्ही लेक त्याच्या खांद्यावर गाढ झोपली होती आणि तो ओठांवर बोट ठेवून सगळ्यांना हातानेच दटावत होता, "जा तुम्ही पुढे, मी येतो."