घराआधी आलेला दरवाजा

मित्रांनो, मी एक जुना सागवानी दरवाजा आहे. मला उघडून कोणी घरात जात नाही, मागे एक भिंत आहे आणि तिला टेकून मला उभे केले आहे. बाजाराच्या दिवशी मला आडवे करतात आणि माझ्यावर वांगी मांडतात. हसायचे असेल तर आत्ताच हसून घ्या. पुढे हसण्यासारखे फार नाही.

माझा जन्म दिघोरीचा. तिथल्या इश्वर वाढईने, म्हणजे गावच्या सुताराने, मला घडवले. तीन रुंद फळ्या, मागून दोन आडव्या पट्ट्या, लोखंडी कडी, आणि माझ्या मापाची चौकट. एका शेतकऱ्याने मला सांगून करवून घेतले होते. माप द्यायला त्याचा थोरला पोरगा आला. तो ताडासारखा उंच. त्याने हात वर करून माप दिले आणि इश्वरने तेवढेच घेतले. नेऊन पाहतात तर मी त्यांच्या छपराच्याही वर निघालो. शेतकऱ्याने मला परत पाठवले. पुढे वर्षभर मी इश्वरच्या अंगणात कोंबड्यांचा आडोसा होऊन राहिलो. इतका उंच दरवाजा घेणार कोण?

देवकाबाईने घेतला.

ही देवकाबाई रोवण्याला जाणारी बाई. पावसाळ्यात चिखलात वाकून धानाची रोपे लावायची, आणि उरलेल्या वर्षात मिळेल ते काम करायचे. तिचा नवरा डोमा सालगडी होता. एका पाडव्यापासून पुढच्या पाडव्यापर्यंत एका मालकाकडे राबायचे आणि मालक देईल त्या खोपटीत राहायचे. पाडवा झाला, मालकाचे मन फिरले, की खोपटी गेली.

इश्वर तिला म्हणाला, "देवका, तुले घर नाही न दार नाही. दरवाजा कायले पाहिजे वो?"

"घर नाही म्हणूनच तं पाहिजे," ती म्हणाली. "घर काही डोक्यावर नेता येत नाही. हा येते."

दोन पावसाळे तिने इश्वरच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, रोवणा केला आणि बदल्यात मला नेले. लोकांकडे आधी घर येते आणि मग दरवाजा. आमच्याकडे आधी मी आलो.

त्यानंतर मालक बदलला, की पाडव्याला आमची वरात निघायची. देवकाबाई आणि तिची लेक शकुन मला डोक्यावर घ्यायच्या. माझ्यावर भांडी, गोधड्या आणि पाय बांधलेली कोंबडी. पुढे डोमा. त्याने चौकट गळ्यात घातलेली, मुंडके बाहेर काढलेले, जणू तस्बिरीतला माणूस उतरून चालू लागला आहे. एकदा अड्याळच्या रस्त्यावर एकाने विचारलेच, "कोणाची मयत चालली गा, डोमा?"

मागून देवकाबाई म्हणाली, "तुह्या मालकाची. खांदा देतं का?"

नव्या खोपटीत पोचले, की डोमा आधी भिंत फोडायचा. खोपटीची दारे बुटकी. माणसाने वाकून जावे आणि वाकून यावे, अशीच बांधलेली. तो वरची माती काढायचा, छपराची काठी उचलायचा आणि मला बसवायचा. मालक कुरकुरायचे. देवकाबाई सांगायची, "भिंत तुमची, छपराचे कवेलू तुमचे, खालची माती बी तुमची. दरवाजा माहा हाय. माह्या घरात कोणी वाकून येत नाही."

मित्रांनो, हे ऐकून मी फुगायचो. लाकूड पावसाने फुगते, मी बोलण्याने फुगायचो. साऱ्या सालगड्यांच्या खोपट्यांत माझ्यासारखा कोणी नाही, हे मला ठाऊक होते. ते फुगणे कोणाला महाग पडले, ते आता सांगतो.

तेव्हा आम्ही अड्याळजवळ केशवरावांच्या वाडीत होतो. भाजीपाल्याची वाडी. वांगी, भेदरे म्हणजे टमाटे, मिरच्या, सांबार म्हणजे कोथिंबीर. डोमा पाणी द्यायचा, देवकाबाई तोडा करायची. चकचकीत, सरळ वांगी बाजाराच्या डालीत जायची. भोक पडलेली आमच्या चुलीवर यायची. जी वांगी त्या दोघांनी रोपापासून वाढवली, त्यातले एक धड वांगे त्यांच्या ताटात मी कधी पाहिले नाही.

शकुन विचारायची, "माय, आपल्याच वांग्यात अळी काहून असते?"

"असू दे. तिले बी घर पाहिजे न. तिले तं पाडव्याले उठवत बी नाही कोणी."

शहात्तर सालची गोष्ट. गावात बातमी आली की ज्या मजुरांना स्वतःचे घर नाही, त्यांना सरकार घरापुरती जागा देणार. तालुक्यावरून साहेब येणार, प्रत्येकाची खोपटी आत जाऊन पाहणार, आणि मग नावे ठरणार. जागा मिळाली की पाडव्याची वरात कायमची बंद. देवकाबाईने त्या जागेवर मनातल्या मनात सारे लावून टाकले होते. इथे चूल, इथे तुळस, मागे परसात भाजीची सांदवाडी, आणि तोंडावर मी. डोमाला ती रोज नवा नकाशा सांगायची.

आदल्या दिवशी शेजारची मंगलाबाई आली. तीही सालगड्याचीच बायको. मला पाहून तिने कपाळाला हात लावला.

"देवका, हा पहाड काढून ठेव वो. बांबूची ताटी लाव उद्याच्या दिवस. साहेब गरिबी पाहाले येऊन राहिला, तुहा दरवाजा पाहाले नाही."

"मी भिकारीन हाय का?" देवकाबाई उसळली. "रोजी करतो, हात नाही पसरत. पाहुणा येईन आन् मी घराचं तोंड उतरवून ठेवू?"

डोमा हळूच म्हणाला, "एक दिवसाची तं गोष्ट हाय."

"अजी, तुम्ही चौकट गळ्यात घालून गावभर फिरले, तवा नाही लाजले. आता लाजता?"

 देवकाबाईने जवसाचे तेल आणले आणि मला वरपासून खालपर्यंत चोळले. कडी राखेने घासली. मी असा चमकलो की शकुनला माझ्यात आपले तोंड दिसू लागले. मला करकरता आले असते. बिजागरीतून निखळून पडता आले असते. मी काहीही केले नाही. मला तेल आवडले, मित्रांनो. खरे सांगायचे तर मला साहेब यायची घाई झाली होती.

साहेब आला. मंगलाबाईच्या खोपटीत शिरताना त्याचे डोके काठीला आपटले. कपाळ चोळत तो बाहेर आला आणि म्हणाला, "इथे माणसे राहतात कशी?" पुढच्या खोपटीत तो वाकून गेला, वाकून आला. मग आमच्याकडे आला. आला आणि सरळ, ताठ मानेने आत गेला.

आत त्याने काही पाहिलेच नाही. ना गळते कवेलू, ना ओली भिंत. परत वळून तो मलाच बघत राहिला. माझ्यावर बोट वाजवले. "अस्सल सागवान," म्हणाला. "असा दरवाजा माझ्याही घरी नाही." मग त्याने सोबत आलेल्या केशवरावांना विचारले, "हे घर ह्यांचे स्वतःचे का?"

केशवराव मालक होते. खोपटी त्यांची, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक? पण हाताशी राहणारा गडी उद्या आपल्या जागेत गेला, तर भल्या पहाटे वाडीला पाणी कोण देईल, हेही त्यांना ठाऊक होते. ते खोटे बोलले नाहीत. ते म्हणाले, "दरवाजा तं ह्यायचाच हाय, साहेब."

आणि देवकाबाई पदर सावरून, मान उंच करून म्हणाली, "हो! माहाच हाय!"

साहेबाने मान हलवली आणि बाहेर पडला. डोमा फावडे टाकून मागे धावला. "साहेब, दरवाजा आमचा, पण खोपटी..." तोवर साहेब वाडीच्या धुऱ्यावरून, बांधावरून, पलीकडे गेला होता.

मंगलाबाईला जागा मिळाली. पलीकडच्यांना मिळाली. देवकाबाईचे नाव आले नाही. त्या दिवशी सारे जण खरेच बोलले होते. मी तर तोंडही उघडले नव्हते. तरी साऱ्यांपेक्षा मोठ्याने मीच बोललो होतो.

डोमाने तिला कधी टोमणा मारला नाही. मारला असता तर बरे झाले असते. तिने मला लाथ घातली असती तरी बरे झाले असते. तिने फक्त पुन्हा कधी मला तेल लावले नाही.

दोन वर्षांनी भाजीपाला असा पिकला की बाजारात वांग्यांना कोणी विचारेना. केशवरावांनी वाडीत जनावरे सोडली आणि पुढे नुसते धान घ्यायचे ठरवले. धानाला बारमाही गडी लागत नाही. ते देवकाबाईला म्हणाले, "खोपटीत आता धानाचं तणस भरावं म्हणतो." तिने मला उतरवले. त्या पाडव्याला वाटेत कोणी थट्टा केली नाही, आणि तिनेही कोणाला सुनावले नाही.

अड्याळला भाड्याची खोली मिळाली. त्या खोलीला स्वतःचा टिनाचा दरवाजा होता. माझी गरज नव्हती. डोमा हमाली करू लागला. देवकाबाई वाड्यांमधून भाजी घेऊन बाजारात बसू लागली. जमिनीवर बसायला ती तयार नव्हती. तिने चार दगड मांडले आणि त्यांवर मला आडवे टाकले. साऱ्या बाजारात दरवाज्यावर दुकान मांडणारी ती एकटीच.

एक मास्तरीणबाई दर बाजाराला भावावरून भांडायची. "काय वो देवकाबाई, वांगे काय सोन्याचे हायेत?"

"वांगे वांग्याचेच हायेत बाई."

"मंग इतके महाग काहून?"

"माही खोली महाग हाय. दर महिन्याले घराचा मालक भाडं मांगते, ते मी कुठून देऊ? तुमचं घर तुमचं हाय. माहं घर ह्या वांग्यायत हाय. थोडं तुम्ही खा, थोडं मास्तरले खाऊ घाला."

मास्तरीणबाई हसायची आणि घ्यायची. खाली मी ऐकत असायचो. मी तिचे घर व्हायला आलो होतो, आणि ती माझ्यावर बसून वांग्यांतून घर विकत होती. भाजीचे पाणी माझ्या फळ्यांत मुरत गेले. मी काळा पडलो. मला वाटायचे, बरे झाले.

शहाऐंशीच्या सुमारास मंगलाबाई पुन्हा निरोप घेऊन आली. ह्या वेळी सरकार बांधलेले घरकूल देणार होते, आणि पुन्हा साहेब येऊन पाहणार होता. "आता तरी माहं ऐक," ती म्हणाली. देवकाबाईने ऐकले. तिने मला खोलीच्या कोपऱ्यात पालथे घातले, वर सडके भेदरे पसरले आणि त्यावर गोणपाट टाकले. नवा साहेब टिनाच्या दारातून वाकून आला.

"तुमचे काय काय आहे, बाई?"

तिने खाली पाहिले. "आमचं काहीच नाही, साहेब."

काहीच नाही! मी तिथेच होतो, तिच्या भेदऱ्यांखाली. पण खोटे कशाला बोलू, तिने मला नाकारले आणि मला हलके वाटले. मग तिचा आवाज आठवला. "माहाच हाय" म्हणणारी बाई ती. आता "काहीच नाही" म्हणायला तीच शिकली होती. माझ्यामुळे शिकली.

घरकूल मिळाले. विटांचे, पक्के, नावावरचे. पण छप्पर बुटके आणि चौकट त्याहून बुटकी. डोमाने मातीच्या भिंती आयुष्यभर फोडल्या, ही भिंत त्याला फोडता येईना. फोडली तर छप्परच खाली यायचे. म्हातारा इश्वर दिघोरीहून करवत घेऊन आला. त्याने मला हात लावला आणि म्हणाला, "हातभर कापला का बसते बरोबर. माहीच चूक होती, उंच केला मी."

देवकाबाईने करवतीवर हात ठेवला.

"नको कापू, इश्वर."

"मंग जलमभर वाकून जाशीन का आपल्याच घरात?"

"वाकीन. रोवण्यात नाही वाकली का? एक जण तं सरळ राहू दे ह्या घरात."

म्हणून मी घरकुलाच्या ह्या भिंतीला बाहेरून टेकून सरळ उभा आहे. आणि ती माझ्याच शेजारून दिवसातून कितीदा तरी वाकून आत जाते, वाकून बाहेर येते. कधी विसरते आणि तिचे कपाळ आपटते. तेव्हा मला वाटते, मी भिंत सोडून तिच्या पाया पडावे.

मित्रांनो, तुमच्यातला कोणी उद्या साहेब होईल. लोकांची घरे पाहायला जाईल. एखाद्या खोपटीत एक वस्तू धड दिसली, तर तिच्यामुळे बाकीचे डोळ्याआड करू नका. ती वस्तू घ्यायला किती पावसाळे लागले, तेवढे विचारा. आणि भाजी घेताना भावावरून भांडा, भांडायला कोण नाही म्हणतो! पण विकणारी संध्याकाळी कुठल्या दारातून आत जाते, तेही एकदा विचारा.

आणि तुमच्यातला कोणी वाढई झाला, तर त्याला माझी वेगळी विनंती आहे. एकदा इकडे ये. करवत घेऊन ये. मला हातभर कमी कर आणि त्या चौकटीत बसव. मी घराबाहेर सरळ उभा राहून थकलो आहे. मी करकरणार नाही. फक्त ती विहिरीवर पाण्याला गेली असेल तेव्हा ये. ती असताना ती तुला कापू देणार नाही.