मूठभर चिंचोके आणि मी

मित्रांनो, छत्तीसगडमधल्या चरोद्याच्या रेल्वे वसाहतीत एक लहानसा दवाखाना आहे. त्याच्या मागच्या खोलीत लोखंडी कपाट आहे आणि त्या कपाटाच्या खालच्या खणात एक काळा, जड सूक्ष्मदर्शक पडून आहे. तो मी. इथे मला सगळे मायक्रोस्कोपच म्हणतात.

माझा जन्म अंबाल्याच्या एका कारखान्यात झाला. कारागिरांनी माझी पितळी नळी घासून गुळगुळीत केली, तिच्यात जपून भिंगे बसवली आणि मला लाकडी खोक्यात घालून इकडे पाठवले. ते खोके उघडले भाऊरावांनी. ते तेव्हा काटोलकडून नोकरीसाठी आलेले तरुण लॅब टेक्निशियन होते. त्यांनी मला दोन्ही हातांनी उचलून खिडकीजवळच्या टेबलावर ठेवले. ती जागा पुढे कितीतरी वर्षे माझीच होती.

ते दिवस माझ्या मानाचे होते. जंगलातल्या रुळांवर काम करणारे गँगमन थंडी वाजून कुडकुडत यायचे. भाऊराव त्यांच्या बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब काचेवर पसरायचे, रंग द्यायचे आणि माझ्या नळीला डोळा लावायचे. त्या वेळी डॉक्टरसुद्धा हातातले पेन थांबवून उभे राहायचे.

"आहे साहेब, मलेरिया आहे," भाऊराव म्हणायचे, आणि मगच औषध सुरू व्हायचे. कोणी घाई केली तर त्यांचे एकच उत्तर असे, "थांबा, आधी पाहू द्या."

मित्रांनो, पाहिल्याशिवाय बोलायचे नाही, हा माझा धर्म झाला. पुढे मलेरियाच्या तपासणीच्या पट्ट्या आल्या. रक्ताचा थेंब टाकला की रेघ उमटायची. त्या पट्ट्यांचा मला फार हेवा वाटला. तरी मनाला समजावले, की निदान त्याही रक्त पाहूनच बोलतात. पण ज्यांनी आयुष्यात काहीच पाहिले नाही, अशा चिंचोक्यांनी मला टेबलावरून हटवले, तेव्हा मात्र माझा जळफळाट झाला.

दोन वर्षांपूर्वी माघ महिन्यात वसाहतीत गोवर आला. पहिला आजारी पडला प्रितम. तो घरच्यांबरोबर गोंदियाच्या एका लग्नाला जाऊन आला होता. त्यानंतर बरेच दिवस सगळे शांत होते, आणि मग एकदम सात मुलांची नावे दवाखान्यात आली. लोक घाबरले. एकापासून सात झाले, आता सातांपासून किती होतील, असे जो तो विचारू लागला. पुढचे चार-पाच दिवस नवे मूल आले नाही, तेव्हा तेच लोक म्हणू लागले की साथ संपली.

भाऊरावांची सून गीतांजली दुर्गच्या आरोग्य विभागात डॉक्टर होती. साथ कशी आणि किती वेगाने पसरते, हे शोधणे हेच तिचे काम. ती घरोघर फिरली. पुरळ नेमके कोणत्या दिवशी दिसले, एवढेच ती आयांना विचारत होती. मग एका दुपारी ती आमच्या खोलीत आली. भाऊराव गोवराच्या तपासणीसाठी रायपूरला पाठवायचे रक्ताचे नमुने बांधत होते. मी टेबलावर होतो.

"बाबा, हे जरा बाजूले ठेवू का? जागा पाहिजे," ती म्हणाली.

हे म्हणजे मी. तिने मला उचलून खाली स्टुलावर ठेवले आणि माझ्या जागेवर पिशवीतले चिंचोके ओतले. घरी कलावतीबाईंनी, म्हणजे तिच्या सासूबाईंनी, नवी चिंच फोडली होती, त्यातलेच ते. ना भिंग, ना आरसा. पोरांनी खेळायच्या बिया त्या.

तिने वरच्या ओळीत तीन चिंचोके मांडले.

"तीन कावून? पहिला तं एकटा प्रितम होता," भाऊराव म्हणाले.

"नाई बाबा. सातातल्या दोघाले पुरळ प्रितमसोबतच आलं होतं. तेही त्याच लग्नाले गेले होते. माता आली म्हणून घरच्यायनं घरीच पूजा केली, दवाखान्यात सांगितलंच नाई. म्हणजे सुरुवातीचे तीन." तिने त्याखाली पाच चिंचोके मांडले. "अन् त्यायच्यापासून पाच. लोक म्हणतात तसं एकापासून सात नाई. एकापासून दोनही पुरते नाई."

"मंग बरंच आहे की."

"बरं नाई. एका पोराचं पुरळ अन् त्याच्यापासून दुसऱ्याले येणारं पुरळ, यात दहा-बारा दिवस जातात. आता शांत आहे, ते याच्यानं. पाचायपासून आठ-दहा होतील, असा माझा अंदाज आहे. अन् पुरळ दिसायच्या तीन-चार दिवस आधीपासूनच ते पोरगं दुसऱ्याले देत राहते. नुसती सर्दी वाटते."

तिने तिसरी ओळ मांडली आणि कॅलेंडरकडे पाहिले. भाऊरावांनीही पाहिले. त्याच दिवसांत मराठी मंडळाची शिवजयंती होती. वसाहतीतली सगळी मुले एका मांडवात नाचणार होती, एका पंगतीत जेवणार होती, आणि मंडळाचे अध्यक्ष होते स्वतः भाऊराव. गीतांजलीने उरलेले चिंचोके मुठीत घेऊन तिसऱ्या ओळीखाली पसरले. टेबल भरून गेले.

"कार्यक्रम झाला तं हे असं."

भाऊरावांचा चेहरा उतरला. "रायपूरचा रिपोर्ट येऊ दे पोरी. न पाहता कसं बोलाचं? मी अख्खी नोकरी पाहून बोललो."

माझा ऊर भरून आला. शाबास भाऊराव, असे मला म्हणावेसे वाटले.

गीतांजली हळूच म्हणाली, "तुमी स्लाइड पाहून आज कोण बिमार आहे ते सांगत होते, बाबा. मले उद्या कोण पडन ते सांगाचं आहे. उद्याची स्लाइड मी कुठून आणू?"

भाऊराव टेबलावर वाकले. मग त्यांनी विचारले, "आपली दुर्गा यात कुठं आहे?" दुर्गा त्यांची नात, सात महिन्यांची. गोवराची लस घेण्याचे तिचे वय अजून झाले नव्हते.

गीतांजलीने एक लहान चिंचोका घेऊन त्या गर्दीच्या कडेला ठेवला. मग तो आणखी थोडा लांब सरकवला. तेव्हा मला कळले, की ही बाई डॉक्टर म्हणून जितकी बोलते आहे तितकीच आई म्हणूनही.

भाऊराव तिथूनच मंडळात गेले. पुढचे मी त्यांच्या तोंडूनच ऐकले. मुलींचा नाच बसवणाऱ्या सत्यभामाबाई चिडल्या. "पोरी महिनाभर घाम गाळून राहिल्या, अन् तुमी सुनेच्या चिंचोक्यायसाठी मांडव मोडता?" भाऊरावांनी मान खाली घालून ऐकून घेतले. "नाच पुढं बी होईन, बाई. मांडव राहू द्या, पण त्यात लस टोचू," ते म्हणाले.

आणि तसेच झाले. शिवजयंतीची वाट न पाहता दुसऱ्याच दिवसापासून त्या मांडवात मुलांना लस दिली गेली. शिवजयंतीला पंगत बसली नाही. ज्यांच्या घरी सर्दी-ताप होता, त्यांनी मुलांना घरीच ठेवले. रायपूरचा रिपोर्ट मागाहून आला. गोवरच होता.

पुढच्या फेरीत आजारी पडली फक्त तीन मुले. त्यानंतर एक. मग साथ थांबली. दुर्गाला काही झाले नाही.

वसाहतीत लोक कुजबुजले. "दहा म्हणे, निघाले तीन. उगाच कार्यक्रम घालवला." खरे सांगतो मित्रांनो, मला आनंद झाला. माझा निकाल एवढा चुकला असता तर भाऊराव आठवडाभर जेवले नसते. आता चिंचोके कचऱ्यात जातील आणि मी पुन्हा टेबलावर जाईन, असे मला वाटले.

पण गीतांजली आली ती हसतच. भाऊरावांनी विचारले, "लोक बोलून राहिले. तुले राग नाई येत?"

"माझा अंदाज खरा निघाला असता, तं आपण दुर्गाले घेऊन दवाखान्यात बसलो असतो, बाबा. चुकला तेच बरं झालं. त्याच्यासाठीच तं सांगितला होता."

भाऊरावांनी ते चिंचोके गोळा केले, पुसले आणि काचेच्या बरणीत भरून खिडकीजवळच्या टेबलावर ठेवले. मला त्यांनी कपाटात ठेवले. रागाने नाही, अगदी जपून. पण कपाटातच.

भाऊराव आता निवृत्त झाले आहेत. पावसाळ्यात माझ्या भिंगांवर बुरशी धरते. ती पुसायला कोणी येत नाही. मित्रांनो, तुमच्या शाळेत, दवाखान्यात माझ्यासारखा कोणी पडून असेल, तर त्याची भिंगे मऊ कापडाने पुसा, त्याच्यावर झाकण घाला. त्याला अजून पुष्कळ दिसते. आणि कोणी येणाऱ्या संकटाचा अंदाज सांगितला, तर तो खोटा पाडण्यासाठी सगळे मिळून धावा. पुढे तो खोटा ठरला, तर सांगणाऱ्याला हसू नका.

माझा हेवा अजून गेलेला नाही. मी जन्मभर खरे तेच दाखवले, पण ते दाखवेपर्यंत माणूस आजारी पडलेला असायचा. त्या बियांनी दाखवलेली पाच-सात मुले मात्र आजारी पडलीच नाहीत. संध्याकाळी वसाहतीतली सगळी मुले खिडकीखाली खेळतात, आणि त्यांतली ती वाचलेली कोणती, हे त्यांनाही ठाऊक नाही.