तीनशे मैलांची फळी

आमच्या घरात कंदिलाची काच पुसायच्या पाळ्या लावलेल्या होत्या, आणि त्याच घरातला मुलगा विजेचा इंजिनियर होणार होता. कट्टा गावच्या बाजारात बायका मला चिडवायच्या, "गो सुभद्रा, तुझो भाव करंट बनवता म्हणतत. एक बाटली आमकाय धाड." मी म्हणायची, "बाटली घेवन ये, भरून देतंय." पण माझ्या भावाबद्दल, गुरुदासबद्दल, कुणी खरोखर वाकडं बोललं असतं, तर मी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता.

ते त्रेसष्ट साल. गुरुदास घाटावरच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होता. शेवटच्या वर्षाला काय शिकतात ते मला विचारा. सुट्टीत तो घरी आला की मी खळ्यात भात वाळवत असायची आणि हा माझ्यासमोर येरझाऱ्या घालत मोठ्यानं वाचायचा. मोठी मोठी यंत्रं एकमेकांना कशी जोडायची, लाईनीवर झाड पडलं तर स्विच आपोआप कसा तुटतो, धरणाजवळची वीज लांबच्या गावाला न्यायची तर वाटेत किती गळते. मला त्यातलं गळतं तेवढं कळायचं.

पुस्तकं होतीच, शिवाय प्रत्येकानं स्वतःच्या हातानं काहीतरी करून दाखवायचं होतं. गुरुदासनं लाईन घेतली. खांब नाहीत, काही नाही. एका फळीवर तारेची वेटोळी आणि कंडेन्सर ओळीनं बसवायचे, म्हणजे त्यातून जाताना विजेला वाटतं की आपण तीनशे मैल आलो. वेटोळ्यांसाठी लाकडी रिळं त्यानं सावंतवाडीच्या खेळणी करणाऱ्याकडून कातून घेतली होती. त्या माणसाला बिनरंगाचं लाकूड देणं काही जमेना, म्हणून सगळी रिळं लाल-पिवळी. मी तार ताणून धरायची आणि तो गुंडाळायचा. तार सैल सुटली की माझ्यावर खेकसायचा, आणि मी रीळ त्याच्या मांडीत टाकून उठून जायची. मग कैरीच्या दोन वाळक्या आंबोशा लाच देऊन मला परत बोलवायचा.

एकदा त्यानं मला एक नवल सांगितलं. एवढ्या लांबच्या लाईनीच्या टोकाला दिवा, मोटर, काहीच जोडलेलं नसलं, तर तिथलं व्होल्टेज कमी होत नाही, उलट वाढतं. इथून पाठवलं त्याहून जास्त भरतं. मी म्हटलं, "कोण घेवक नाय म्हणून?" तो म्हणाला, "तसाच काय ता समज." हे सरांसमोर मीटरच्या काट्यावर दाखवायचं, ही त्याची हौस होती.

बाहेरचे परीक्षक एकाच दिवशी येणार होते, सोमवारी. फळी दाखवून उत्तरं दिली तर पास. नाहीतर नापास, आणि नापास मुलाला फीची माफी नव्हती. म्हणजे एक वर्ष जाणार नव्हतं, सगळं शिक्षणच जाणार होतं. शेवटची वेटोळी बसवायला तो सुट्टीत फळी घेऊन घरी आला, आणि त्याच आठवड्यात आमच्या ग्रामदेवानं, रवळनाथानं, गावपळणीचा हुकूम दिला.

आमच्याकडे देवाचा हुकूम झाला की सगळा गाव वेशीबाहेर जातो. माणसं, गुरं, कोंबड्या, मांजरंसुद्धा. तीन रात्री शेजारच्या गावाच्या हद्दीत झावळ्यांच्या खोपी घालून राहायचं. गावात चूल पेटत नाही, दिवा लागत नाही, कुणाचं पाऊल पडत नाही. कुलपं नाहीत आणि चोरीही नाही, कारण राखणीला देव. चौथ्या दिवशी मानकरी देवळापर्यंत जाऊन कौल घेतात. ओल्या पाषाणावर पाकळ्या लावायच्या. उजवी पडली तर परत या, डावी पडली तर थांबा.

गाऱ्हाणं घालायचा, गावाच्या वतीनं देवाशी बोलायचा, मान आमच्या घराचा, म्हणजे आमच्या वडिलांचा. त्यांना आम्ही भाई म्हणायचो. भाई आणि गुरुदास यांच्यात भांडण नव्हतं, पण बोलणंही नव्हतं. जे काही असेल ते आमच्या आईमार्फत, माईमार्फत. भाई तीन हातांच्या अंतरावर विड्याचं पान जुळवत बसलेले असायचे आणि गुरुदास म्हणायचा, "माई, भाईंक सांग, माका उद्या कणकवलेक जावचा आसा." भाई पान तोंडात घालून म्हणायचे, "जा म्हणान सांग." दोघांनाही त्यात काही विचित्र वाटत नसे. मला मात्र दोघांची डोकी एकमेकांवर आपटावीशी वाटायची.

निघायच्या दिवशी भाई फेटा बांधून देवळासमोर उभे राहिले. "बा देवा म्हाराजा! तुझ्या हुकमान तुझी लेकरां गाव सोडून जातत. घरादाराची, शेताभाताची राखण कर, म्हाराजा!" सगळा गाव गरजला, "व्हय म्हाराजा!" त्यात सगळ्यात मोठा आवाज माझा. गुरुदास मागे उभा होता, हात जोडलेले आणि ओठ मिटलेले. त्याला हे पटत नसे. पण तो कधी हसतही नसे.

बैलगाडीत त्यानं स्वतः चहाचं रिकामं खोकं चढवलं होतं, आत गवतात फळी. खोपीत बसून उरलेली वेटोळी बसवायची आणि शनिवारी तिथूनच कट्ट्याला जाऊन गाडी धरायची, असा त्याचा बेत.

खोपीपाशी गाडी रिकामी केली. भांडी उतरली, तांदूळ उतरला, कोंबड्यांचा झाप उतरला. खोकं नव्हतं. गुरुदासनं गाडीखाली वाकून बघितलं, मग मला विचारलं, मग माईला, मग पुन्हा मला. मी झापसुद्धा उघडून बघितला, इतकी मी वेडी झाले होते.

भाई बैल बांधून आले आणि म्हणाले, "तां खोकां सोधतास? तां मी निघताना काढून ठेवलंय. देवघरात, वर कांबळा घालून."

मग ते समजावत म्हणाले, "हयसर दंव पडता, पोरां धडपडतत, गुरां पाय देतली. थंय देवाची राखण आसा. मुंगी जावची नाय आत." आणि त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद होता, जणू त्यांनी मुलासाठी जन्मात पहिल्यांदाच काहीतरी बरोबर केलं होतं.

गुरुदास म्हणाला, "माई, भाईंक सांग, सोमवारी माझी परीक्षा."

माईला सांगावं लागलं नाही. भाईंनी ऐकलं होतं. ते म्हणाले, "ती फुडल्या म्हयन्यात ना?" तेवढंच. परीक्षा पुढे आहे असं माईनं त्यांना सांगितलं होतं, आणि 'पुढे' म्हणजे कधी हे विचारायला ते मुलाकडे गेले नव्हते. ते खाली बसले आणि बैलाचं दावं हातात घेऊन तसेच राहिले.

पळण म्हणजे मजा असते. भजनं, फुगड्या, एकमेकांच्या खोपीत जेवणं. त्या वेळीही सगळा गाव मजेत होता, आणि आम्ही चौघं सुतक आल्यासारखी. गुरुदास ओढ्याकाठी बसून राहायचा. ओढा म्हणजेच हद्द. पलीकडच्या काजूच्या झाडांच्या वर आमच्या घराचं कौलारू टोक दिसायचं. ते दिसत होतं हाच मोठा छळ होता.

तो लवू गुरवाकडे जाऊन आला. काही उपाय आहे का विचारलं. लवू म्हातारा चांगला, पण म्हणाला, "झिला, मागच्या पळणीत माझी आवस आजारी होती. तिचा औषध घरात ऱ्हवला. तरी आमी गेलंव नाय." आई वाचली का, हे गुरुदासनं विचारलं नाही. ती गेली हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

मी म्हटलं, "मी जातंय. झुडपातसून जातंय, कोणाक दिसाचंय नाय."

"तुझा लगीन व्हवचा आसा," गुरुदास म्हणाला. "फुडे गावात एक वासरू मेला तरी तुझा नाव घेतले. नायतर भाईंचा."

शुक्रवारी त्यानं जेवणही टाकलं. वाळूवर काठीनं सगळी लाईन काढायचा, पुसायचा, पुन्हा काढायचा. भाई लांबून बघत बसायचे. टोकाला घ्यायला कुणी नसलं तर व्होल्टेज वाढतं म्हणतात ना, तसं मला त्या दोघांच्या मधे बसून वाटत होतं. कधी काय जळेल याचा नेम नव्हता.

शनिवारी सकाळी मानकरी कौलाला निघाले. गुरुदास भाईंच्या समोर जाऊन उभा राहिला आणि जन्मात पहिल्यांदा माईला मधे न घालता बोलला. "भाई, कौल काय पण होवंदे. देवळापासून घर लांब नाय. येताना खोकां घेवन येवा."

भाईंनी डोक्यावरचा फेटा सारखा केला. मग म्हणाले, "माका देवान देवळापर्यंत येवक दिलाहा, रे. घरापर्यंत नाय."

गुरुदास बाजूला झाला.

मी ओढ्याकाठी उभी राहून देवाला काय काय बोलले ते सांगत नाही. नवस बोलले, मग धमक्या दिल्या. कौल मिळाला तर दुपारची गाडी मिळत होती, घाट रात्रीत चढून तो रविवारी कॉलेजात पोचत होता, वेटोळी तिथे बसवता आली असती. सगळं जुळत होतं. फक्त एक पाकळी उजवी पडायला हवी होती.

मानकरी परत आले. लवू लांबूनच ओरडला, "डावी! देव अजून एक रात म्हणता!" पोरं नाचायला लागली, आणखी एक रात्र मजा म्हणून. मी त्यातल्या एकाच्या पाठीत धपाटा घातला. त्याचा काही दोष नव्हता.

गुरुदासनं पिशवी उचलली आणि सरळ ओढ्याकडे चालू लागला. मी मागून धावले. काठावर भाई आधीच बसलेले होते. मला वाटलं, आता हे त्याला अडवणार आणि काहीतरी भयंकर होणार.

भाई उठले. त्यांनी डोक्यावरचा फेटा काढला, मानकऱ्याचा फेटा, आणि दगडावर ठेवला. म्हणाले, "जा. घेवन ये. मी पाठ फिरवतंय." आणि खरंच पाठ फिरवली. उघडं डोकं, मानेवर पांढरे केस. ज्या देवासमोर ते सकाळी उभे राहून आले, त्या देवाला ते माझ्या भावासाठी नुसती पाठ दाखवत नव्हते, त्याच देवासमोर खोटे ठरायला तयार झाले होते. पुढे गावात काय घडेल ते सगळं त्यांच्या माथी.

गुरुदासनं एक पाय पाण्यात घातला. पलीकडे जायला दुसरं पाऊल पुरलं असतं. मी मनात ओरडत होते, जा, मेल्या, जा.

त्यानं पाय मागे घेतला. दगडावरचा फेटा उचलला आणि भाईंच्या हातात दिला. "घाला तुमी," म्हणाला. "माझी गाडी चुकात." आणि कट्ट्याच्या वाटेनं निघाला. एक ओली चप्पल, खांद्याला पिशवी, आत दोन सदरे आणि पुस्तक. भाई फेटा हातात धरून तो दिसेनासा होईपर्यंत उभे होते. हाक मारायची त्यांना सवयच नव्हती.

रविवारी कौल झाला. उजवी. नगारा वाजला आणि गाव परत फिरला.

आम्ही देवघर उघडलं. खोकं जिथल्या तिथे. कांबळं कोरडं, गवत कोरडं, लाल-पिवळी रिळं कालच रंगवल्यासारखी. खरोखर मुंगीसुद्धा गेली नव्हती. देवानं राखण चोख केली होती.

भाईंनी घरात पाणीही घेतलं नाही. खोकं डोक्यावर घेतलं आणि आल्या पावली कट्ट्याला गेले. त्यांनी घाट कधी चढला नव्हता. पत्ता विचारत विचारत सोमवारी संध्याकाळी ते कॉलेजच्या फाटकात पोचले. परीक्षक दुपारीच गेले होते. त्यांनी गुरुदासला विचारलं होतं, मॉडेल कुठे आहे? त्यानं खरं ते सांगितलं. वर्गातली मुलं हसली. परीक्षक हसले नाहीत. इंजिनियर होणाऱ्या माणसाला एक ओढा ओलांडता येऊ नये, एवढंच म्हणाले आणि नापास लिहून पुढच्या मुलाला बोलावलं.

बापलेक दोघं बुधवारी घरी आले. खोकं गुरुदासच्या डोक्यावर. वाटेत काय बोलले, बोलले की नाही, ते मला कळलं नाही. गुरुदासनं खोकं माळ्यावर टाकलं, कंदिलाची काच काढली आणि पुसायला बसला. पाळी माझी होती.

पळण नीट पार पडली म्हणून शुक्रवारी देवळात समाराधना होती. सगळा गाव जमला. भाईंनी फेटा बांधला होता. गाऱ्हाणं सुरू झालं. "बा देवा म्हाराजा! तुझ्या हुकमान गाव भायर गेलो, तुझ्या हुकमान परत इलो..." पुढची ओळ ठरलेली. जशी राखण केलंस तशीच कर. ती ओळ आली आणि भाई थांबले. पुन्हा सुरुवात केली, "जशी राखण..." आणि पुन्हा थांबले. लोक एकमेकांकडे बघायला लागले. गाऱ्हाणं अर्धवट राहणं म्हणजे अपशकुन. लवू गुरवाचा हात थाळीवर तसाच राहिला.

तेव्हा मागून, खांबाजवळून, एकट्याचा आवाज आला. "व्हय म्हाराजा!"

गुरुदास होता. ओळ पुरी व्हायच्या आधीच, सगळ्या देवळात ऐकू जाईल असा. मग सगळा गाव त्याच्यामागून ओरडला, व्हय म्हाराजा, आणि भाईंना ती ओळ म्हणायची गरज उरली नाही. त्यांनी डोळे पुसले आणि पुढचं म्हटलं.

मी 'व्हय म्हाराजा' म्हटलं नाही. त्या दिवशी नाही आणि त्यानंतर कधीच नाही. इतक्या पळणी झाल्या, आता आमच्या गावात रस्त्यावर दिवे आहेत. हुकूम झाला की मी सगळ्यांबरोबर वेशीबाहेर जाते, खोपीत राहते, फुगडीही घालते. पण गाऱ्हाण्याला सगळे ओरडतात तेव्हा मी ओठ मिटून उभी राहते.