सरदार जेवतो तोवर

पहिला माणूस खुशालरावांनी चुकून मारला.

वेशीवरचा राखणदार. त्यांच्याच बाजूचा. त्यांना नुसतं पुढं चालायचं होतं, बोट भलत्या बटणावर पडलं, आणि पडद्यावरच्या तलवारीनं राखणदाराची मान अर्धी उघडली. खुशालराव खुर्चीतून उठलेच.

"पोरी, हे काय करून ठेवलं मी?"

"बसा बाबा. सुरुवातीले होते असं."

"अन् हा?"

"हा गेला."

अमरावतीच्या राजापेठेतली खोली, खाली पंपाच्या मोटारी दुरुस्त व्हायच्या, वर आरती आणि मोईज दोन वर्षं हा खेळ बनवत होते. चेटूक, राक्षस, जळती गावं. हैदराबादच्या एका कंपनीनं दोघांना नोकरीवर बोलावलं. मोईजच्या घरचे राजी झाले. खुशालराव म्हणाले, "आधी मले दाखव, तू काय करतं ते." आणि नांदगाव खंडेश्वरच्या सकाळच्या एसटीनं येऊन बसले.

गावचे पोलीस पाटील. कापसाच्या त्या वाईट वर्षांत विहिरीतून किती मढी काढली, झाडावरून किती उतरवली, ते घरी कधी बोलले नाहीत. मढं त्यांना नवं नव्हतं. मढ्यांचा खेळ नवा होता. आरती चोवीस वर्षांची; त्यांच्या होकाराशिवायही जाऊ शकली असती. पण मग ती पळून गेल्यासारखी गेली असती. तिला त्यांच्या तोंडून 'जा' ऐकायचं होतं.

आता पडद्यावर अंगण. सरदारानं गाव जिंकलंय. तिघं जण बांधून गुडघ्यांवर बसवलेत: म्हातारी, कुंभार, एक मुलगी. मागं सरदाराचा कुऱ्हाडवाला. सरदार जेवायला बसतो. खुशालराव खांबाआड, हातात सुरा. पडद्याखाली दोन पर्याय उमटले:

मारा.
थांबा.

"काका, आता!" मोईज पुढं सरकला. "दोन्ही हात ताटात आहे त्याचे. घाला!"

खुशालरावांनी हात मांडीवर घेतला.

"जेवू दे त्याले."

"अं?"

"जेवत्या माणसावर हात नाही उचलत, बाप्पा. वैऱ्याले बी ताटावरून नाही उठवत. हात धुवू दे, मंग पाहतो मी त्याच्याकडं."

मोईजनं आरतीकडं पाहिलं. आतापर्यंत चाळीस जणांनी हा खेळ खेळून पाहिला होता. चाळीसही जणांनी इथं, याच घासाला, सुरा घातला होता. थांबलं तर काय होतं हे आरतीनं लिहून ठेवलं होतं, पण ते कुणी पाहिलंच नव्हतं.

सांगावं? एक शब्द पुरला असता.

पण बाबा पाहायलाच आले होते.

सरदारानं भाकर मोडली.

म्हातारी. कुऱ्हाड आली, डोकं ओट्यावर आपटून खाली घरंगळलं.

"थांबव!"

"थांबत नाही ते."

सरदारानं वाटी तोंडाला लावली.

कुंभार. पहिला घाव खांद्यात रुतला. कुऱ्हाड पाय देऊन उपटावी लागली. दुसरा

"आरती!"

सरदारानं बोटं चाटली.

मुलगी ओरडली. मग नाही ओरडली.

सरदारानं हात धुतले.

"मागं घे. पयल्यापासून घे."

"मागं जाता येत नाही, बाबा. आमीच तसं ठेवलं."

खुशालरावांनी सुरा घातला. सरदार पहिल्याच वारात मेला. त्यांनी परत घातला. परत. गळा, तोंड, पोट. प्रत्येक वाराला मढं नव्यानं फाटायचं. आरतीनं अकरा दिवस खपून ते जमवलं होतं, मोईजला पेढे दिले होते. बटण टकटकत होतं. बाबांचा जबडा आवळलेला, डोळे कोरडे. या माणसानं तिला कधी टपली मारली नव्हती. सरदाराला तोंड उरलं नव्हतं, तरी बाबा

"काका," मोईज हळूच म्हणाला, "मेला तो. केव्हाचाच."

बोट थांबलं.

खाली कुणीतरी मोटार चालू करून पाहिली, बंद केली.

"हे एवढं फाटते कसं?" खुशालरावांनी विचारलं.

"मी केलं."

"मेल्यावर बी?"

"हो."

"अन् मले आडवलं काहून नाही या खेळानं?"

"तो कोणाले आडवत नाही. तुमी थांबले नाही, बाबा."

ते स्वतःच्या हाताकडं पाहत राहिले. आरतीला वाटलं, आता थोबाडीत बसेल. आणि प्रथमच वाटलं, बसू शकते.

"तुले माहीत होतं? मी असा आहो?"

"नाही."

"मले बी नाही." ते उठले. दाराशी जाऊन चपला चाचपडल्या, उजवी डाव्या पायात गेली, काढली. "हैदराबादले जाय तू. जाय म्हणतो मी."

"बाबा..."

"पण इथून पुढं काय बनवशील, ते मले दाखवू नको."

जिन्यावर ते कठडा धरून उतरले. आरती 'हो' म्हणाली, पण तोवर ते खाली पोचले होते.