किल्लीवाल्या काकांचं मृत्युपत्र माझ्या पोटात होतं

मित्रांनो, दुकानाच्या कोपऱ्यात फळीवर बसून घरघरणारा हा जाडजूड संगणक पाहून हसू नका. मी जुना आहे, हे कबूल. पण एका घराची सगळी काळजी काही दिवस माझ्या पोटात सांभाळलेली होती, आणि ते सांगताना माझी छाती आजही फुगते. मला छाती नाही हे मला ठाऊक आहे, तुम्ही समजून घ्या.

माझा जन्म कारखान्यातला. कोणा चपळ हातांच्या बाईने माझे स्क्रू आवळले, एवढंच आठवतं. खोक्यातून बाहेर आलो तो थेट किल्लीवाल्या काकांच्या दुकानात. त्या सुमारास गाड्यांच्या किल्ल्यांत चिप आल्या होत्या आणि नुसत्या कानशीवर भागत नव्हतं. काका उतारवयात माझ्यापुढे बसून नवी विद्या शिकले. चुकलं की स्वतःलाच म्हणायचे, "घाई नडली." माझ्यावर त्यांनी कधी राग काढला नाही.

त्यांचा मुलगा अकाली गेला, तेव्हा त्यांची सून दुकानात उभी राहिली. कानस धरायला ती त्यांच्याकडूनच शिकली. पुढेपुढे गिऱ्हाइकं दारातूनच "ताई आहेत का?" असं विचारू लागली, आणि काका लटक्या रागाने म्हणायचे, "आम्ही काय शोभेला बसलोय?" सासरे-सुनेची अशी जोडी मी दुसरी पाहिली नाही. दुकानात येणारा-जाणारा प्रत्येक जण हेच म्हणायचा.

मग तळहातावर मावणारं एक यंत्र आलं आणि किल्ल्यांचं काम त्याच्याकडे गेलं. माझ्यावर जुना टॉवेल पडला. त्या टॉवेलवर लोक चहाचा कपही ठेवू लागले. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

अशातच डॉक्टरांनी काकांना हृदयाची शस्त्रक्रिया सांगितली. स्वतःच्या जिवापेक्षा काकांना दुसराच घोर लागला. काही लिहून न ठेवता आपण गेलो, तर वाटणीत दुकानाचेही हिस्से पडतील, आणि दुकान तर सुनेनेच तोलून धरलेलं. दूरच्या शहरात राहणाऱ्या मुलीला त्यांनी फोन केला. ती इच्छापत्र म्हणायची, काका सरळ मृत्युपत्र म्हणायचे.

"बाबा, ऑनलाइनच करा," मुलगी म्हणाली. "कायदा बदलला तर ते साइटवाले लोकच सुधारून घेतात. मला इथून मदत करता येईल. तुमचा तो डबा बंद पडला तर काय कराल?"

डबा म्हणजे मी. पण तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं, हे मलाही पटलं.

काका म्हणाले, "गिऱ्हाइकाच्या किल्लीची जादा नक्कल मी जन्मात कधी स्वतःकडे ठेवली नाही. मग माझ्या घरातली गोष्ट परक्याच्या कपाटात कशाला ठेवू? मला आपलं सॉफ्टवेअर डाउनलोड करायचंच सांग."

मुलगी हसली. सॉफ्टवेअर या वर्षीचंच आहे ना, आपल्याकडच्या कायद्याला धरून आहे ना, एवढं मात्र तिने नीट तपासायला लावलं. माझ्यावरचा टॉवेल निघाला. सून बँकेत किंवा बाजारात गेली की काका माझ्यासमोर बसायचे आणि एका बोटाने एकेका प्रश्नाचं उत्तर टिपायचे. इतक्या मनापासून माझ्याकडे कोणी पाहिलंच नव्हतं. काम संपलं तेव्हा त्यांनी फाइलला परवलीचा शब्द घातला आणि समाधानाने हात झटकले. छापून सह्या घ्या, असं शेवटच्या पानावर लिहिलं होतं, ते त्यांनी सोडून दिलं. कागदाला कुलूप लावता येत नाही ना!

इस्पितळात जायच्या आदल्या दिवशी ते सुनेला म्हणाले, "सगळं यात आहे. कोणाच्या बापाला उघडता येणार नाही."

"आणि मला?" तिने विचारलं.

"तुलाही नाही. शब्द फक्त मला माहीत आहे."

ती म्हणाली, "बाबा, दाराला कुलूप बसलं की लोक आपल्याला बोलावतात. उद्या वेळ आली तर आम्ही कोणाला बोलवायचं?"

काकांनी कपाळाला हात लावला. "जन्मभर लोकांची दारं उघडली आणि स्वतः आतून कडी घालून बसलो," असं म्हणून ते मोकळेपणाने हसले. एवढ्या मोठ्या कारागिराने आपली चूक इतक्या सहज मान्य केली, याचं मला फार कौतुक वाटलं.

लगेच पानं छापली. साक्षीला शेजारचे फ्रेमवाले आले. आणखी एक साक्षीदार हवा होता. सुनेने पेन उचललं.

"तू नको," काका म्हणाले.

तिने पेन हळूच खाली ठेवलं. "दुकानाच्या सगळ्या किल्ल्या माझ्याकडे चालतात, आणि सही चालत नाही?" तिचा आवाज पडला होता. फ्रेमवाले उगाच बाहेर रस्त्याकडे बघू लागले.

काकांनी माझा पडदा तिच्याकडे वळवला. यातून ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्षीदार म्हणून सही करू नये, अशी ओळ तिथे होती. तिने ती वाचली, मग पुन्हा वाचली.

"म्हणजे?"

"म्हणजे दुकान तुझं. घर तुझ्या नणंदेला दिलंय. तिला विचारलं, तर म्हणाली, दुकान वहिनीचंच आहे, त्यात काय विचारता."

ती स्टुलावर बसली. पदराने डोळे पुसून म्हणाली, "आधी बरे होऊन या. मग बघू." दुसरी सही समोरच्या पाववाल्याने केली, हात पुसून. कागद कुठे ठेवलाय ते मुलीलाही कळवलं.

काका बरे होऊन आले, मित्रांनो. अजून दुकानात बसतात आणि सुनेच्या कामात खोड्या काढतात. मी आता कधी बंद पडेन याचा नेम नाही, पण माझी चिंता नको, कागद सुरक्षित आहे. तुमच्या घरातल्या मोठ्यांनी हे काम ऑनलाइन करावं की डाउनलोड करून, ते त्यांनाच ठरवू द्या. फक्त ज्यांच्यासाठी करायचं त्यांना ते उघडता येईल असं करा, सह्यांविना ठेवू नका. आणि आपलं माणूस आपल्याला किती मोलाचं वाटतं, ते आपण हयात असतानाच त्याला कळू द्या. त्या दिवशी त्या ओळीवर थांबलेले सुनेचे डोळे मी पाहिले आहेत, म्हणून सांगतो.