मानाचा बार

माझं नाव हरिश्चंद्र. आजोबांनी ठेवलं, त्यात माझा काही दोष नाही. पण नाव मोठं, लक्षण खोटं असा एखादा माणूस कुणाला बघायचाच असेल, तर त्याने जामसंडे सोडून तासभर आत, आमच्या गावात यावं. माझं घर कोणीही दाखवील.

शेतीच्या राखणीसाठी आमच्याकडे परवान्याची एकनळी बंदूक आहे, आजोबांपासूनची. दसऱ्याला आमच्या देवळातून तरंगं, म्हणजे लुगडी नेसवलेले देवांचे खांब, बाहेर पडतात तेव्हा बंदुकीचा एक बार काढायची रीत आहे. बंदूक आमच्या घरातली. बार काढायचा मान मात्र बाबलीच्या घराण्याचा. तीन पिढ्या असंच चाललंय. परवानेवाला शेजारी उभा असला म्हणजे झालं, असं आम्ही धरून चालतो. बाबली माझ्याच वयाचा, आंब्याकाजूची कलमं बांधणारा, कमी बोलणारा. लहानपणी एका बाकावर बसून आम्ही एकाच गुरुजींचा मार खाल्ला.

आणखी एक रीत आहे. शस्त्रपूजेत बंदुकीला हळदकुंकू लागलं की मानाचा बार होईपर्यंत ती पुसायची नाही. म्हणून वडील पूजेच्या आधीच ती साफ करायचे, नळी उजेडाकडे धरून आरपार बघायचे, आणि मगच पाटावर ठेवायचे. बंदूक आमच्या घरातून न बघता बाहेर पडली, असं त्यांच्या हयातीत कधी झालं नाही.

मागल्याच्या मागल्या दसऱ्याची गोष्ट. मी आदल्या दिवशीच बंदूक साफ केली होती. पण सकाळी माकडांचा कळप परड्यातल्या माडांवर उतरला आणि शहाळी तोडून खाली टाकायला लागला. माझं डोकं फिरायला वेळ लागत नाही. कोल्हापूरहून नुकत्याच आणलेल्या काडतुसांची पेटी फोडली, एक भरलं आणि चाप ओढला. बार झाला तो फुस्स. माकडंसुद्धा घाबरली नाहीत. एकाने तर मान वळवून माझ्याकडे बघितलं. माझी बायको सुगंधा अंगण झाडत होती. ती म्हणाली, हा बार की फटाकडी? मी तिच्यावरच खेकसलो.

त्याच वेळी बंदूक उघडायला हवी होती. रिकामं काडतूस काढून नळीत डोळा लावायला हवा होता. दारू कमी असली की छरे आणि बूच नळीतच अडकून बसतात आणि पुढच्या बाराला नळी फुटते, हे मला वडिलांनी दहा वेळा सांगितलं होतं. पण आंघोळ राहिली होती, भटजींची वेळ झाली होती आणि सुगंधेच्या त्या बोलण्याने मी चिडलो होतो. बंदूक तशीच पाटावर ठेवली, झेंडूची माळ घातली, हळदकुंकू लावलं, निरांजन ओवाळलं. सगळं यथासांग केलं, नळीत तेवढं बघितलं नाही.

दुपारी देवळापुढे मी बाबलीच्या हातात बंदूक दिली आणि त्याच पेटीतलं एक काडतूस दिलं. मग तरंगांकडे तोंड करून हात जोडले. ढोल वाजले, बार झाला, आणि तो बार नव्हता. कानठळ्या बसल्या. वळून बघितलं तर नळी मध्येच फुगून उभी चिरली होती आणि बाबलीच्या डाव्या तळव्यातून रक्त गळत होतं. तळवा शिवावा लागला. बोटं वाचली ही देवाचीच कृपा.

त्याला गाडीत घालून नेलं आणि देवळात बैठक बसली. बाबलीचा बाप पूर्वी ठासणीच्या बंदुकीत स्वतः दारू भरायचा. तेवढंच लोकांना पुरलं. बाबलीने घरात भरलेलं काडतूस घातलं असणार, असं कोणीतरी म्हणालं. भाई म्हणजे आमच्या देवस्थानचे मुख्य मानकरी. त्यांनी सगळ्यांसमोर मला विचारलं, "हरी, काडतूस तुझां काय बाबलीचां?"

सुगंधा बायकांच्या बाजूला उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं.

मी म्हणालो, "मी दिलेलां कंपनीचां. त्येच्या खिशात आनी काय होतां, तां माका म्हायत नाय."

यातलं एक अक्षरही खोटं नाही. एवढी हलकट गोष्ट मी आयुष्यात दुसरी केली नसेन. परवाना जाईल ही भीती होती, पण खरं कारण ते नव्हतंच. बापाच्या बंदुकीची नळी मी तपासली नाही, हे मला चारचौघांत कबूल करायचं नव्हतं. पुढच्या दसऱ्याला देवाला कौल लावायचा आणि बाराचा मान दुसऱ्या घराण्याला द्यायचा का ते विचारायचं, असं ठरलं. बैठकीत बाबली नव्हताच. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी, आणि मी चोर फाशी देणाऱ्यांत बसलो होतो.

बंदूक पोलिसांकडे गेली, जाबजबाब झाले. उरलेली काडतुसं दुकानदाराने कंपनीकडे पाठवली. शिमगा झाल्यावर कंपनीचा कागद आला. त्यांना काही गोष्टींची माहिती हवी होती, खाली माझी सही आणि बार काढणाऱ्याची सही. सातवा प्रश्न असा होता, की त्याआधीच्या बाराचा आवाज कमी आला होता का, आणि आला असल्यास नळी तपासली होती का?

मी लिहिलं, आवाज नेहमीचा होता. सुगंधेने ते वाचलं आणि कागद परत माझ्या हातात दिला. त्या दिवशी तिने मला जेवायला वाढलं, पण समोर बसली नाही.

मी बाबलीकडे गेलो. तो मांगरात, म्हणजे बागेतल्या खोपटात, कलमांना पट्ट्या बांधत होता. डाव्या हाताची मूठ अजून पुरती वळत नव्हती, म्हणून पट्टीचं एक टोक दातात धरलं होतं. हात पुसून त्याने कागद घेतला. सातव्या प्रश्नाशी बराच वेळ थांबला. मग काही न विचारता सही केली. उठला, फळीवरच्या डब्यातून एक वस्तू काढली आणि माझ्यापुढे ठेवली. ते रिकामं काडतूस होतं, माझ्या पेटीतलं.

"बार काढूच्या आदी बंदूक उघडलंय तेवा ह्यां भायर पडलां," तो म्हणाला. "खिशात टाकलंय. घाय होती."

म्हणजे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. टाके घातलेल्या हाताने तो घरी आला, लोक त्याच्या बापाची दारू उकरून काढत होते, आणि हे काडतूस त्याच्या डब्यात होतं. ते घेऊन देवळात गेला असता तर मला तोंड दाखवायला जागा उरली नसती. मी विचारलं, मग बोलला का नाहीस?

"तू सांगशीत म्हणान वाट बघी होतंय," तो म्हणाला. आणि पट्टी उचलत, "माझीय चूक आसा. नळयेत बघूक होया होतां. पण बंदूक तुमच्या घरातली. बघूचां सुचलांच नाय."

तो रागावला असता तर मीही रागावलो असतो, आणि भांडणात माझा निभाव लागला असता. पण तो पुन्हा पट्टी दातात धरून कलमाला बसला. मला तिथल्या तिथे जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. मी ते काडतूस उचललं आणि चहाला न थांबता निघालो.

घरी येऊन सातव्या प्रश्नाचं उत्तर खोडलं. आवाज फुसका होता, नळी तपासली नाही, चूक माझी, असं लिहून कागद पाठवला. कंपनीला खरं सांगणं सोपं होतं. कंपनी काही रोज सकाळी माझ्या दारावरून जात नाही. बाबली जायचा, आणि मी परड्यात काहीतरी काम काढायचो.

श्रावणात उत्तर आलं. त्या खेपेच्या काही काडतुसांत दारू कमी भरली गेली होती. दोष आमचा, नळी बदलून देऊ. शेवटी एक ओळ होती, की कमी आवाजाचा बार झाल्यास नळीत बघितल्याशिवाय पुढचं काडतूस भरू नये. दसऱ्याच्या आधी नवी नळी बसून बंदूक घरी आली. वडील बघत तशी मी ती उजेडाकडे धरून तीनदा बघितली.

दसऱ्याला भाईंनी देवळात कंपनीचं पत्र वाचून दाखवलं. शेवटची ओळ त्यांना महत्त्वाची वाटली नसावी, ती त्यांनी सोडली. दोष कंपनीचा, कौल लावायचं कारण नाही, मान बाबलीचाच, असं ते म्हणाले. लोकांनी माना डोलावल्या. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि ती झाकून द्यायला सगळा गाव तयार होता. मी सुगंधेकडे बघितलं. ती तरंगांकडे बघत होती.

"भाई, वायच थांबा," मी म्हणालो. "दोष कंपनीचो खरो. पण पयलो बार मी काढलंय, सकाळी, माकडांवर. तो फुसको गेलो. नळयेत बघलंय नाय. आनी तुमी इचारलास तेवा बाबलीवर ढकललंय."

भाईंनी पत्राची घडी घातली. मग भाई म्हणाले, "वरीसभर खंय होतंस रे हरिश्चंद्रा?" दोघं-तिघं हसले. मला त्याहून जास्त हवं होतं, कोणी चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पण ढोल सुरू झाले आणि लोक बाहेर निघाले. बाबली माझ्याजवळ आला. नुसता हात पुढे केला, आणि मी त्यावर बंदूक ठेवली.

त्याने ती उघडली. तरंगं उंबऱ्यावर आली होती, सगळे त्याच्याकडे बघत होते. बाबली सूर्याकडे वळला आणि हळदकुंकू लावलेली बंदूक उचलून त्याने नळीला डोळा लावला. चांगला वेळ बघितलं. तीन पिढ्यांत आमच्या घरातल्या बंदुकीत त्यांच्यापैकी कोणी असं बघितलं नव्हतं.

मग त्याने काडतूस मागितलं, आणि मी ते दिलं.